कमीकडचं नाव

"बाबा, सही करू नका," करिष्मा म्हणाली.

केसरीनाथाचं पेन कागदावरच थांबलं. त्याने सुनेकडे रोखून पाहिलं. अंबाडी रस्त्याची जमीन, बापजाद्यांची उरलेली शेवटची, आज तीस वर्षांसाठी गोदामवाल्या कंपनीला भाड्याने जायची होती. आणि नेमका आजच हिला कंठ फुटला. हिचा भाऊ गेल्या महिन्यात दोनदा ती जागा बघून गेला होता. तेव्हाच केसरीनाथाच्या मनात पाल चुकचुकली होती.

समोर कंपनीचा एजंट भाविक चहा पीत होता. त्याच्यावर तर पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. त्याने मागच्या खेपेला आणलेल्या कागदात एक लबाडी होती. ती केसरीनाथाने स्वतः पकडली, तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावली, आणि आठवडाभर नाक्यावर सगळ्यांना ऐकवली. आता कागद चोख झाला होता. मग ही कशाला मध्ये तडमडते?

"काय हाय त्यात?"

"तुमच्या नावापुढे लेसी लिहिलंय. कंपनीच्या नावापुढे लेसर."

"मंग?"

"लेसर म्हणजे जागा देणारा मालक. लेसी म्हणजे घेणारा भाडेकरू. यंत्रमागाचा शेठ एम्प्लॉयर आणि कामगार एम्प्लॉयी, तसंच. आम्हाला कॉलेजात होतं हे. शब्दांना लागणारी ही शेपटं मूळची फ्रेंच, इंग्रजांनी तिकडून घेतली."

"म्हंजे त्यांनीबी उचललीच," केसरीनाथ पुटपुटला. "आनि मी सही केली तर?"

"तर कागदावर जमीन कंपनीची, आणि तुम्ही तिचे भाडेकरू."

घाबरला तो. खरंच घाबरला. मग भाविककडे वळून म्हणाला, "कोनी केला हा घोळ?"

भाविकने कप शांतपणे बशीत ठेवला.

"काका, पहिल्या कागदात बरोबरच होतं. तुम्हीच म्हणालात, इंग्रजीत लेस म्हणजे कमी, आमचं नाव लेसरमध्ये न्हाय पायजे. मी म्हटलं, मालकांची मर्जी."

केसरीनाथाने कागद उचलला आणि भाविककडे न देता सुनेच्या हातात ठेवला. तिच्याकडे बघायचं मात्र टाळलं.

"सूनबाय," तो म्हणाला, "माजं नाव तेवढं परत कमीकडं टाक."