खांद्यावरचा टॉवेल

घरातल्या शेवटच्या दिवशी सकाळीही धाकटा आधी वजनकाट्यावर उभा राहिला. आकडा पाहून त्याने मान हलवली आणि मगच तो टेबलाशी येऊन बसला. आईने पुढे ठेवलेल्या ब्रेडमधला निम्मा त्याने परत सरकवला.

"काय रे, देवाकडेही वजनी गट असतात का?" दादाने विचारलं.

धाकटा हसला. हल्ली तो नुसता हसायचा.

आईने दादावर डोळे वटारले. पोराने अन्न कमी केलंय, पहाटे उठतोय, बोलणं जवळजवळ टाकलंय आणि याला थट्टा सुचते, असं ती पुटपुटली. खरं तर दादाला थट्टा अजिबात सुचत नव्हती. गप्प बसवत नव्हतं, एवढंच.

धाकटा बॉक्सर होता, आणि अकरा वर्षं रिंगच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी दादाच उभा असायचा. दोन फेऱ्यांच्या मध्ये स्टूल ठेवायचं, पाणी पाजायचं, भुवया फाटू नयेत म्हणून कपाळाला व्हॅसलीन लावायचं. उजव्या खांद्यावर पांढरा टॉवेल असायचा. आपला माणूस फारच मार खातोय असं वाटलं, तर कोपऱ्यातल्याने टॉवेल रिंगमध्ये टाकायचा, की लढत थांबते. प्रत्येक लढतीआधी धाकटा दादाचं मनगट घट्ट धरून एकच गोष्ट बजावायचा. टॉवेल टाकायचा नाही, काही झालं तरी.

दादाने शब्द पाळला. सात महिन्यांपूर्वी, आठव्या फेरीतही पाळला. धाकट्याचे हात खाली आले होते, डोळे कुठेतरी भलतीकडे लागले होते, आणि टॉवेल खांद्यावरच राहिला. नवव्या फेरीत तो आडवा झाला. दोन मिनिटांनी उठला. हॉस्पिटलमध्ये मेंदूचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. विश्रांती घ्या म्हणाले. घरी आला तो असा गप्प होऊनच.

तो आपल्यावर चिडलाय, असं दादाने धरून ठेवलं. सणसणीत शिवी घातली असती तरी दादाला बरं वाटलं असतं. पण नाही. उलट तो शांत झाला होता. जुनी भांडणं विसरला, ज्या माणसाचं नाव घेतलं की भडकायचा त्याच्याशीही हसून हात मिळवला. आई म्हणाली, याचा राग गेला. राग गेलेला माणूस घरात इतका परका वाटतो, हे दादाला ठाऊक नव्हतं.

मग आई एकदा त्याला मठात घेऊन गेली. सगळे खाली बसलेले. प्रार्थनेची घंटा झाली आणि एवढ्या माणसांत हा एकटाच ताडकन उठून उभा राहिला, दोन्ही हात छातीशी घेऊन. नंतर गुरुजींनी त्याला जवळ बोलावून विचारलं, इथे कायमचं यायचंय का? तो म्हणाला, "मी तयार आहे."

आईचा ऊर भरून आला. वर्तमानपत्रांत छापून आलं. शेजारीपाजारी त्याच्याशी दबक्या आवाजात बोलू लागले. एकट्या दादाने विरोध करून पाहिला, अजून तीन-चार वर्षांचा खेळ शिल्लक आहे म्हणाला. पण त्याचाच आवाज बसला. ज्याने तो टॉवेल टाकला नाही, त्याने कुठल्या तोंडाने अडवायचं?

आई घरीच थांबली. दारात मी रडायला लागले तर त्याचा पाय निघायचा नाही, म्हणाली.

गाडीत धाकटा खिडकीबाहेर बघत बोटांची पेरं चोळत बसला. दादाने तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला आणि तीनदा गिअर बदलला.

मठाचा नियम कडक होता. आत गेलेल्याने सात वर्षं घरच्यांशी बोलायचं नाही. म्हणजे जे विचारायचं ते आजच, दारातच. दादाचा जीव त्या एकाच प्रश्नापाशी अडकला होता.

पांढऱ्या भिंतींच्या छोट्या खोलीत धाकट्याने कपडे उतरवले, घड्याळ आणि साखळी काढून न सांगता दादाच्या हातात ठेवली. अंगावर झगा चढवला. गुरुजींनी तेलाचं बोट पुढे केलं तेव्हा त्याने हनुवटी उचलली, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

"हे स्वतःच्या इच्छेने येताहेत ना?" गुरुजींनी दादापुढे संमतीचा कागद ठेवत विचारलं. "नीट विचार करून सही करा. मागाहून बदलता येत नाही."

"त्याच्यावर कोणाचीच जबरदस्ती नाही," दादा म्हणाला आणि त्याने सही केली.

घंटा होईपर्यंत बोला, असं सांगून गुरुजी बाहेर गेले.

"त्या दिवशी मी टॉवेल टाकायला हवा होता," दादा म्हणाला. "चुकलं माझं. तू त्या रागाने तर जात नाहीयेस ना?"

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं. मग तोच शांत हसरा चेहरा करून त्याने दादाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. हात तिथे रेंगाळला, मागेपुढे फिरला. सात महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं दादाला वाटलं. त्याने माफ केलं होतं. दादा तिथेच, लहान मुलासारखा रडला.

आत घंटा झाली.

धाकटा ताठ झाला. त्याने मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झटकली, दादाचं मनगट घट्ट धरलं आणि त्याच्या कानाशी वाकला.

"टॉवेल विसरलास का रे?" तो म्हणाला. "असू दे, तसाही टाकायचा नाहीये. आज समोर कोण आहे?"