कुंभयुग लागलं तेव्हा

"मेषयुगात माणसानं यज्ञ केले, मीनयुगात भक्ती केली. आता कुंभयुग लागलंय, आता देव देहातच जागा होईल. औषधं कशाला?" आचार्य प्रवचनात म्हणाले, आणि भास्कररावांनी घरी येऊन बायकोचं इन्सुलिन बंद केलं.

"मला भीती वाटते हो," कुमुद म्हणाली.

"अगं, आकाशाचं गणित आहे ते."

तिचं तेरावं उरकून ते पुन्हा प्रवचनाला गेले. आचार्य हसत सांगत होते, "गणितात जरा चूक झाली होती. कुंभयुगाला अजून दीडशे वर्षं आहेत."

भास्करराव ताडकन उभे राहिले. "मग माझी कुमुद?"

मागून एका बाईंनी त्यांचा सदरा ओढला. "खाली बसा ना काका, आचार्य दिसत नाहीत."

ते खाली बसले.