राष्ट्रोळीपुढचा दिवा

"राजांचो झील खंय गेलो, ता माका इचारतंस? मी काय सुईण होतंय?" शेवंती सुपातले तांदूळ निवडता निवडता हसली.

गौरवी पायरीवर वही उघडून बसली होती. मुंबईहून सर्वणला येऊन चार दिवस झाले, तरी पान कोरंच होतं.

तिकडे पेडण्याला एका हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. राजघराणं, इमानी नोकर, त्याने जन्मभर जपलेलं गुपित. गौरवी लेखकाच्या हाताखाली होती. सिनेमाला सगळं होतं, शेवट तेवढा नव्हता. अशात दिग्दर्शकाच्या कानावर पेडण्यातली पन्नासेक वर्षांची कुजबुज गेली: डोंगरावरच्या बाबाराजांना लग्नाआधी घरातल्याच एका बाईपासून मूल झालं, बाई बाळंतपणात गेली, आणि मूल कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही.

"तुझी आई त्याच घरात वाढली ना?" तो म्हणाला होता. "त्या मुलाचं काय झालं ते काढ. शुक्रवारपर्यंत शेवट आण. पडद्यावर लेखक म्हणून तुझं नाव येईल."

पाच वर्षं गौरवी दुसऱ्यांच्या नावावर लिहीत होती.

आई त्या घरात वाढली हे खरं. आजोबा, गोकुळदास, बाबाराजांचे ड्रायव्हर. लग्न होऊन सर्वणला येईपर्यंत शेवंती राजांच्या घरामागच्या खोल्यांतच राहिली. अजून दर गणेशचवथीला डोंगरावरून गाडी यायची. नारळ, केळी आणि शेवंतीसाठी एक साडी. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली तरी गाडी चुकली नव्हती. मोठ्या लोकांना इमानाची कदर असते, असं गौरवी समजायची.

"डोंगरावरची बागायत बघतात ते सगुणकाका असतील का गं? नाक अगदी राजांचं आहे."

"सगुणाचा नाक? ता त्याच्या आवशीचा. तिका आमी पोपट म्हणायचो."

कुंपणापलीकडे चंद्रावती कपडे वाळत घालत होती. तिचे कान इकडेच होते.

"शेवंते, सांगून टाक गो! चेडवाचा नाव पडद्यार येतला. तोंड उघडलंस तर काय दात पडतले?"

"दात नाय पडाचे. पण उघडला की तुझ्यासारखा बंद जायना, म्हणान भियेतंय."

चंद्रावती खळखळून हसली. दोघींचं असंच चालायचं. कुणाला अडचण आली की एकीचा देव दुसरीने बघायचा. गेल्याच महिन्यात चंद्रावतीचे वडील म्हापशाला वारले. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवस. "तुझ्या घरचा पाणी घाल गो," असं कुंपणावरून सांगून ती बाजूला झाली होती, आणि तीन दिवस तिच्या तुळशीला शेवंतीने पाणी घातलं होतं.

शेवंतीचा नेम राष्ट्रोळीचा, गावच्या राखणदार देवाचा. आंब्याखालच्या घुमटीत रोज तिन्हीसांजेला दिवा. लग्न होऊन आल्यापासूनचा. आजोबा गेले त्या दिवशी गौरवी चौदा वर्षांची होती. दिवसभर आई रडली. संध्याकाळी चंद्रावती आपणहून तेल घेऊन आली, तर आई डोळे पुसून उठली, आंघोळ केली आणि स्वतःच घुमटीत जाऊन दिवा लावून आली. गावात बोलणी झाली. बापापेक्षा नेम मोठा झाला म्हणे! गौरवीला मात्र तेव्हा आईचा अभिमान वाटला होता.

"आई, तू नाहीच सांगणार तर मी रचून लिहू?"

"लिव. माणसांका रचून सांगितलेला चलता." शेवंतीने सूप पाखडलं. "देवाकडे तेवढा चलना नाय."

गुरुवारी दुपारी दिग्दर्शकाचा फोन आला. आवाजात घाई होती.

"बाबाराजे गेले. आज सकाळी. वाईट झालं. पण आता बोलल्याने कुणाला धक्का लागणार नाही. आईला विचार. मी संध्याकाळी फोन करतो."

शेवंती विळीवर भाजी चिरत होती. गौरवीने सांगितलं.

"केवा?"

"सकाळी."

शेवंतीने विळी मिटली. अर्धी चिरलेली भाजी तशीच ठेवून ती विहिरीवर गेली आणि डोक्यावरून दोन कळश्या पाणी ओतून घेतलं. जेवायला बसली नाही. ओले केस तसेच सोडून खिडकीपाशी बसून राहिली. गौरवीला वाईट वाटलं. पण शुक्रवार उद्यावर आला होता.

"आई, आता तरी सांग. ज्यांच्यासाठी तोंड मिटून राहिलीस तेच गेले. आता हे इमान कुणासाठी?"



पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन गेला. आंब्याखाली काळोख धरू लागला. दिव्याची वेळ झाली तशी शेवंती उठली. गौरवीही मागोमाग अंगणात आली. तिच्या हातात फोन वाजायला लागला.

शेवंती घुमटीच्या वाटेला वळली नाही. कोनाड्यातली तेलाची बाटली कोनाड्यातच होती. ती रिकाम्या हातांनी कुंपणाशी गेली.

"चंद्रावते!"

चंद्रावती हात पुसत बाहेर आली. नेहमीसारखं काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, पण शेवंतीचे ओले केस बघून तशीच थांबली. शेवंती दोन पावलं मागे सरकली.

"तुझ्या घरचा तेल घे गो," ती हळू म्हणाली. "तीन दिवस राष्ट्रोळीक दिवो तू लाव."