पातळ रक्त

"कात्री कुठे ठेवलीस?"

"माझ्याकडे आहे. राहू दे, बाबा."

"अगं, शिंप्याच्या घरात कात्री नाही म्हटल्यावर लोक हसतील!"

"हसू देत."

मुलीने घरातली टोकदार वस्तू अन् वस्तू कुलपात घातली होती. सुया, वस्तरा, भाजीची सुरीसुद्धा. दारूने बाबांचं लिव्हर पार कामातून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यांचं रक्त लवकर थांबत नाही, जपा. त्यानंतर एकदा शिवताना बोटात सुई घुसली आणि टॉवेल लालभडक झाला. तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता.

ते पीत होते ती बारा वर्षं तिने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता दारू सुटली होती, बाप परत मिळाला होता, आणि काही झालं तरी तिला तो गमवायचा नव्हता.

"जरा मशीनवर बसतो," ते रोज म्हणायचे. पायाने चालवायची जुनी मशीन खिडकीपाशीच होती. "नुसतं पायडल मारतो. हवी तर सुई काढून घे."

"आणि तोल गेला, कुठे आपटलात म्हणजे? काही नको. पलंगावरून उतरायचंसुद्धा नाही. हाक मारा, मी आहे."

"फौजदारीण झालीस की गं!" ते हसायचे आणि मुकाट्याने उशीला टेकायचे. तिच्याशी पत्ते खेळायचे, मुद्दाम हरायचे. तिला ते कळायचं. इतक्या वर्षांचं भरून निघतंय असं वाटून तिचे डोळे भरून यायचे.

असे दोन महिने गेले. अंगावर साधा ओरखडा नाही.

"बापाला अगदी फुलासारखं जपतेस," शेजारीण म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी चहा पिताना बाबांना एकाएकी धाप लागली. कप हातातून सुटला. तिने धावतपळत त्यांना दवाखान्यात नेलं, भराभर तपासण्या झाल्या, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं.

"कुठून रक्त गेलं?" ती डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होती. "मी टाचणीसुद्धा लागू दिली नव्हती हो!"

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं.

"रक्त कुठूनच गेलं नाही. पायात गुठळी झाली आणि ती फुप्फुसात जाऊन अडकली. या आजारात रक्त लवकर थांबत नाही, तसं नको तिथे गोठतंही." त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "घरात रोज थोडंफार चालत होते ना ते?"