मालकांची युनियन

लाँड्रीत दवाखान्यांच्या मळक्या चादरी यायच्या आणि त्यांच्यात वापरलेल्या सुया निघायच्या. अशीच एक सुई तिथं धुलाई करणाऱ्या काकूंच्या तळहातात घुसली, तेव्हा त्यांनी सगळ्यांसाठी जाड हातमोजे मागितले. "डोळे उघडे ठेवून काम करा," मॅनेजर म्हणाला. काकूंचं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकांना गोळा करून युनियन काढायचं ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी वॉचमननं त्यांना फाटकातून परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं सगळ्यांना मशीनपाशी उभं केलं. शेजारी मालकांचे मेहुणे होते. "तुम्हाला युनियन हवी होती ना? ही घ्या. हे तुमचे अध्यक्ष. जी सभासद होणार नाही, तिनं उद्यापासून घरी बसायचं."

बायका आतून धुमसत होत्या, पण मुकाट्यानं सभासद झाल्या. तिथंच कामाला असलेली काकूंची सूनही सभासद झाली. सासूशी तिचं कधी पटलंच नव्हतं, त्यामुळे तिच्याकडून कुणी वेगळी अपेक्षाही केली नव्हती.

मेहुण्यांनी हसत विचारलं, "मग, काही मागण्या?"

"हातमोजे द्या आणि आमच्या सासूबाईंना कामावर परत घ्या," सून म्हणाली.

मेहुणे हसतच राहिले. तिनं हात लांब करून आपलं मशीन बंद केलं. तिच्यामागे एकेक मशीन थांबत गेलं.

 

"अध्यक्ष तुम्ही आहात," ती म्हणाली, "तेव्हा तुमच्या युनियननं संप केलाय, हे तुम्हीच जाऊन तुमच्या दाजींना सांगा."