अठरावा अल्बम

अश्विनच्या लेखी जगात एकही धड रॅपर जन्माला आला नव्हता. तलाठी भरतीचा अभ्यास करता करता तो मोबाइलवर हिप-हॉप अल्बम ऐकायचा आणि एकेकाची खरडपट्टी काढून इन्स्टावर टाकायचा. पुण्याचा अल्बम? 'पोटात कळ आलेल्या माणसाची घाई.' मुंबईचा? 'श्वास घ्यायले जागा नाही अन् याले रॅप म्हनते!' अकोल्याच्या जुन्या शहरातल्या रोहितनं, त्याच्या जिगरी दोस्तानं, दोन वर्षं खपून पहिला अल्बम काढला. त्यालाही त्यानं सोडलं नाही. 'अल्बमवर अर्धा तास लिहिलं अन् वीस मिनिटांत उरकलं. मापातही पाप!' दुसऱ्याच दिवशी रोहितनं माईक विकायला काढला.

"एवढं बेकार गायलं का त्यानं?" म्हणत धाकट्या रश्मीनं अश्विनचा मोबाइल घेतला, रोहितचा अल्बम लावला आणि स्क्रीनकडे बघून हसतच सुटली. "दादा, भरतीचे लेक्चर लवकर संपले पाहिजे म्हणून तू स्पीड दीडपट केला होता ना? तो तसाच हाये!"

तिनं स्पीड एकवर आणला. रोहित सावकाश, श्वास घेत, एकेक शब्द तोलून बोलू लागला. अश्विननं अख्खं गाणं मान खाली घालून ऐकलं.

"आता लाव रोहितदादाले फोन."

"काय सांगू त्याले? सतरा अल्बमवर लिहून बसलो ना मी!" अश्विन खेकसला. त्यानं मोबाइल हिसकावला, स्पीड पुन्हा दीडपट केला आणि अठरावा अल्बम लावला.