कमरेवरचं तेल

फिजिओथेरपीच्या बाईंनी माझ्या कमरेवर तळवा ठेवला आणि त्या थबकल्या. "काका, हा तेलाचा वास कसला?"

सकाळीच चिनी पद्धतीने मालिश करणाऱ्यांकडे जाऊन आलो होतो. ते कोपराने कंबर रगडतात. बाई मणके हळुवार हलवतात. ऑपरेशन टळावं म्हणून दोघांकडेही जात होतो, एकाचं दुसऱ्याला कळू न देता. आता बाई हाकलणार, या भीतीने मी सगळं सांगून टाकलं.

"अहो, माझ्या सासूबाईही त्यांच्याकडेच जातात! पण एकाच दिवशी दोन्हीकडे कशाला पिळून घेताय?"

मला उताणं करून त्यांनी माझा पाय सरळ उचलला. आधी वीतभर उचलला तरी कमरेत कळ यायची; आज तो न दुखता वर गेला.

"ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या.

मी चाचरत विचारलं, "हा गुण कुणाच्या हाताचा?"

"माझ्याच. मालिशवाल्यांना विचारलंत, तर ते स्वतःच्या म्हणतील."

मला दोन्ही उत्तरं मान्य होती.